पाहुण्याचा भात

आवडाबाईला कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं म्हणजे जिवावर यायचं. शेजारच्या धोंडूबाईकडून वाटीभर विरजण आणलं, तर वाटी परत जाताना तिच्यात गुळाचा खडा तरी असायचाच. गूळ नसेल तर चार आमसुलं, आमसुलं नसतील तर मूठभर कुळीथ. भांडं रिकामं गेलं की माणूस तुटतं, असं तिचं पक्कं मत होतं. आणि आवडाबाईचं मत एकदा पक्कं झालं की ग्रामदेवतेने उलटा कौल दिला असता, तरी ती देवीलाच दोन गोष्टी सुनावून आली असती.

तिची दुसरी खोड भाताची. घरात माणसं दोन, ती आणि तिचा मुलगा लवू. पातेल्यात तांदूळ मात्र तिघांचे पडायचे. तिसरा वाटा पाहुण्याचा. बहुतेक दिवशी पाहुणा यायचा नाही आणि तो भात दुसऱ्या सकाळी ताकात कालवून संपवावा लागायचा. लवू कुरकुरला की ती म्हणायची, "पावणा काय सांगून येतो व्हय रं? आणि आला मंग काय माजा वाटा वाढू, का तुजा?"

अशा बाईच्या दारात त्या वर्षी विमान येऊन उतरलं.

दारात म्हणजे अगदी उंबऱ्यात नव्हे. रत्नागिरी शहराच्या बाहेर काळ्या कातळाचा उघडा सडा पसरला आहे, त्याच्या कडेला तिचं चिऱ्याचं घर. मागे उतारावर वाडीतल्या लोकांची आंब्याची कलमं, पुढे सड्यावर विमानाची धावपट्टी. धावपट्टी होती खरी, पण तिच्यावर विमानांपेक्षा गुरंच जास्त फिरायची. त्या साली, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या संपानंतरच्या सालात, हापूसच्या मोहोरावर तुडतुडा असा तुटून पडला की कलमाखालून नुसतं चाललं तरी अंगावर भुर्रकन उडायचा. पानं चिकट झाली, मोहोर काळा पडायला लागला. तेव्हा बागायतदारांनी एकत्र येऊन संघ केला आणि फवारणीसाठी चक्क विमान आणलं. पिवळं, एका माणसापुरतं, पोटात औषधाची टाकी आणि पंखांखाली फवाऱ्याच्या नळ्या. पहिल्या दिवशी ते बघायला एवढी गर्दी लोटली की शिमग्याची पालखी आली असती तरी तिला वाट मिळाली नसती.

संघाचे अध्यक्ष गुणाजीशेठ. मोठे बागायतदार, आवाज त्याहून मोठा. त्यांनी लवूला विमानाच्या पेट्रोलची पिंपं सांभाळायला आणि टाकी भरायला ठेवलं. लवू संपात गिरणीतून सुटून घरी बसला होता. शेठ म्हणाले होते, "मोसमभर एक चूक होऊ देऊ नको. मग कायमचा ठेवतो. विमान दर वर्षी येणार, एरवी औषधांचं कोठार आहे, पंप आहेत. पण एक चूक झाली तर वाट धरायची."

आवडाबाईने त्या दिवशी देवीपुढे नारळ ठेवला. तिचा नवराही मुंबईला होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आणि एका शिमग्याला आला नाही, त्याची ट्रंक आली. त्यानंतर लवू गेला, तेव्हा एसटीच्या मागे ती बराच वेळ उभी होती. आता देवाने मुलगा परत दिला होता, तो तिला पुन्हा मुंबईला द्यायचा नव्हता. एवढं एकच मागणं होतं तिचं. बाकी सूनबीन नंतर बघता आली असती.

वैमानिकाचं नाव कॅप्टन देवतळे. चंद्रपूरकडचा माणूस, उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. त्याचं जेवण संघाने आवडाबाईकडे लावलं होतं. पहिल्या दिवशी त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला आणि धुवून परत पाठवला. आवडाबाई तो डबा घेऊन तरातरा सड्यावर गेली.

"ह्यो काय, कप्तान? रिकामा डबा देतात व्हय कुणाला? माजं काय चुकलं?"

कॅप्टन गोंधळला. लवूने हळूच कानात सांगितलं. कॅप्टनने खिसे चाचपले, दोन पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या आणि डब्यात ठेवल्या. तेव्हापासून रोज डब्यात काहीतरी यायचं. कधी गोळ्या, कधी सड्यावरची करवंदाची फांदी, एकदा तर नुसता गुळगुळीत गारगोटीचा दगड. आवडाबाईला तेवढं पुरे होतं.

पण ह्या माणसाला स्वतःच्याही खोडी होत्याच. किती पेट्रोल लागणार हे तो रोज सकाळी मोजायचा. जायला एवढं, फवारायला एवढं, यायला एवढं. आणि वर आणखी अर्धा तास उडता येईल एवढं, जे वापरायचंच नाही. टाकीत स्वतः काठी बुडवून बघायचा. गुणाजीशेठना हे बघवत नसे. पेट्रोल कमी भरलं तर विमान तेवढं औषध जास्त उचलेल, फेऱ्या वाचतील, असा त्यांचा हिशेब. एकदा ते आवडाबाईच्या ओट्यावरच कॅप्टनशी वाद घालायला बसले.

"बाग दिसते इथून! हाकेच्या अंतरावर. अर्धा तास कशाला हवा जास्त?"

"नको असतो," कॅप्टन म्हणाला. "रोजच नको असतो."

"मग?"

भात वाढता वाढता आवडाबाई मध्येच बोलली, "शेठ, त्यो पावण्याचा भात हाय. पावणा नाय आला तर नाय. पण म्हणून पातेलं खरवडून बसायचं नसतं."

कॅप्टन इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानंतर त्या अर्ध्या तासाचं नावच पाहुण्याचा भात पडलं. कोठारात एक पिंप वेगळं ठेवलेलं होतं, मोसम संपल्यावर विमान परत न्यायला लागेल तेवढं. त्याच्यावर लवूने खडूने लिहिलं, 'पाहुण्याचं'. त्याला कुणी हात लावायचा नाही.

असे दिवस बरे चालले होते. मोठ्या बागा आटोपल्या, खाडीपलीकडच्या झाल्या. राहिली होती शेवटची, आवडाबाईच्या वाडीची कलमं. लहान लोक, कुणाची दहा झाडं, कुणाची चार, म्हणून त्यांचा नंबर शेवटी. आणि नेमका तेव्हाच आवडाबाईचा रॉकेलचा डबा गळायला लागला.

रेशनवर रॉकेल आलं होतं आणि रांग दुकानाबाहेर वळली होती. ती धावत सड्यावर आली. "लवू, कायतरी दे रं, रॉकेल आणायला." कोठारापुढच्या मांडवाखाली पेट्रोल भरायचे दोन कॅन उभे होते. कॅन कोठाराच्या आवाराबाहेर न्यायचा नाही, हा कॅप्टनचा नियम. लवूने इकडेतिकडे बघितलं. पण आईला नाही म्हणायला छाती लागते, आणि ती लवूकडे लहानपणापासूनच नव्हती. "सांजच्याला परत आण," म्हणून त्याने एक कॅन दिला.

संध्याकाळी तिने रॉकेल बाटल्यांत ओतून घेतलं. कॅन परत न्यायला निघाली आणि थबकली. परक्याची वस्तू. वेळेला उपयोगी पडली. ती अशी रिकामी न्यायची? गुळाचा खडा काही कॅनमध्ये टाकता येत नाही. मग तिने आपल्या वाट्याच्या रॉकेलमधली एक बाटली पुन्हा कॅनमध्ये ओतली. महिन्याभराचं रॉकेल ते, एका बाटलीत चार संध्याकाळी निघतात. पण तिला उलट बरंच वाटलं. विमानही कसल्याशा रॉकेलासारख्याच वासाच्या पाण्यावर चालतं, तिने रोज नाकाने अनुभवलं होतं. तेवढीच आपली भर. सड्यावर कुणी नव्हतं. तिने कॅन होता तिथे ठेवला, बूच घट्ट लावलं आणि घरी आली. त्या रात्री तिने दिवा लवकर मालवला.

दुसऱ्या सकाळी ती घावणे घेऊन सड्यावर गेली, तेव्हा आभाळ नुकतं उजळलं होतं. वारा नव्हता. लवू टाकी भरून हात पुसत होता. आज वाडीची कलमं होती, म्हणून त्याची पहाटेपासून लगबग चाललेली. कॅप्टनने घावण्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पंखाखाली वाकून एका काचेच्या बाटलीत टाकीतलं थोडं पेट्रोल काढलं. बाटली उगवतीकडे धरून तो बघत बसला.

"रोज काय बगताव त्यात?" आवडाबाईने विचारलं. "देव दिसतो काय?"

"पाणी बघतो," कॅप्टन म्हणाला. आज तो खुशीत होता. "पिंपात दंवाचं पाणी साचतं. पण पाणी बरं, आवडाबाई. पाणी तळाला बसतं, डोळ्याला दिसतं. लवू पेट्रोल ज्या कातड्यातून गाळतो, तेही त्याला अडवतं. रॉकेलसारख्या वस्तूची भीती खरी. ते मिसळलं की मिसळलं. गाळणीतून जातं, बाटलीत दिसत नाही. जमिनीवर इंजिन नीट चालतं आणि वर जाऊन जोर लावला की आतून ठोके द्यायला लागतं. झाडांच्या शेंड्यावर असताना इंजिन गेलं तर..." त्याने हात झटकला आणि बाटलीतलं पेट्रोल कातळावर ओतून दिलं. "चला. काम आटपू."

आवडाबाईने घावण्यांचा डबा खाली ठेवला.

तिने मांडवाकडे बघितलं, तिथे काही नव्हतं. दोन्ही कॅन विमानाजवळ पडले होते, रिकामे. लवू तिच्याकडे बघून हसत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. कॅन वापरायच्या आधी उपडा करून बघायचा हाही कॅप्टनचा नियम, पण घाईत त्याने तसाच पंपाखाली लावला होता. रॉकेलचं फक्त तिला एकटीला माहीत होतं.

खोटं कशाला सांगा, तिच्या मनात नाही ते आलं. एक बाटली. एवढ्या मोठ्या टाकीत एक बाटली. समुद्रात मीठ टाकावं तसं. बोललं तर लवूची नोकरी गेली, संध्याकाळच्या एसटीने मुंबई, आणि मग पुन्हा कधीतरी नुसती ट्रंक. नाही बोललं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. तेवढ्यात कॅप्टनने पायरीवर पाय ठेवला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "डब्यातले दोन घावणे ठेवा हो माझे. आल्यावर खातो."

"कप्तान, खाली उतरा!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने की धावपट्टीपलीकडची टिटवी उडाली. "चढू नका! टाकीत रॉकेल हाय. मी घातलं."

कॅप्टन उतरला. त्याने शांतपणे विचारलं, "कसं गेलं?"

तिने सांगितलं. रेशन, गळका डबा, एक बाटली, सगळं.

"कॅन तुम्हाला कुणी दिला?"

"कुणी नाय. मी चोरला."

"आये," लवू पुढे आला. "मी दिला, सर. आणि सकाळी उपडा करून बगितला नाय. मीच बगितला नाय."

"गप रं मेल्या! मी चोरला म्हणतेय ना!"

"दोघंही थांबा जरा," कॅप्टन म्हणाला. त्याने कोऱ्या कागदावर एका कोपऱ्यात पिंपातल्या पेट्रोलचा थेंब टाकला, दुसऱ्या कोपऱ्यात टाकीतल्या पेट्रोलचा, आणि कागद हवेवर हलवला. पिंपातला थेंब उडून गेला, कागद कोराच्या कोरा. टाकीतला थेंबही उडाला, पण मागे तेलकट, पुसट वळं राहिलं. भजी ठेवलेल्या कागदावर राहतं तसं. पेट्रोल उडालं होतं, रॉकेल मागे राहिलं होतं.

"उपसा सगळं," तो म्हणाला. "टाकी, पेट्रोलच्या नळ्या, सगळं."

गुणाजीशेठ आले तेव्हा टाकी निम्मी उपसून झाली होती. त्यांना हकीकत कळली आणि त्यांचा आवाज पार खाडीपर्यंत गेला असेल. "एका बाटलीसाठी भरलेली टाकी ओतून देता? आणि हा लवू, ह्याला आत्ताच्या आत्ता हाकला!"

"टाकी ह्या मोसमात लवूच भरेल," कॅप्टन म्हणाला. "नंतरचं तुमचं तुम्ही बघा. शेठ, चूक कुणाकडूनही होते. झालेली चूक उडायच्या आधी तोंडावर येऊन सांगणारी माणसं मला आज एकाच घरात दोन मिळाली. मी कधी चुकतच नाही म्हणणाऱ्याने भरलेल्या टाकीवर मी बसत नाही."

शेठ काहीतरी पुटपुटले. पण खरी पंचाईत पुढेच होती. टाकीभर पेट्रोल वाया गेल्यावर कोठारात उरलं ते वाडीच्या फवारणीला पुरणार नव्हतं. उरलं होतं ते फक्त खडूने लिहिलेलं पिंप.

"हे फोडा," शेठ म्हणाले. "परत जायचं नंतर बघू."

वाडीतली माणसं जमली होती. सगळ्यांच्या नजरा त्या पिंपावर. मोहोर काळा पडत होता, रोज थोडा थोडा. कॅप्टनने आवडाबाईकडे पाहिलं. त्या नजरेतलं तिला ऐकू आलं. तिचेच शब्द ते. पाहुण्याचा भात दुसऱ्यांना वाढू द्यायचा नाही म्हणणं सोपं असतं. आपल्याच घरची माणसं उपाशी असताना म्हणणं कठीण.

"नाय," ती म्हणाली. "त्याला हात लावायचा नाय. वाट बगू."

कोल्हापूरहून ट्रकने पिंपं मागवली. ती घाट उतरून येईपर्यंत आवडाबाईला वाडीत कुणी पाणी विचारलं नाही. धोंडूबाई, जिच्याशी तिचं जन्मभराचं विरजण, तिने तोंड फिरवलं. आवडाबाई धोंडूबाईच्या चार कलमांखाली जाऊन यायची, चिकट पानांवर बोट फिरवायची आणि स्वतःला शिव्या घालायची. लवू मात्र गप्प होऊन कामाला लागला होता. त्याने कोठारासमोर दोरी बांधली आणि कोठारातले बाकीचे सगळे कॅन उपडे करून तिच्यावर टांगले. रॉकेलवाला कॅन त्याने घरी आणून ठेवला आणि त्याच्यावर लाल रंगाने एवढं मोठं 'रॉकेल' लिहिलं की आंधळ्यालाही वाचता यावं. कॅप्टन म्हणाला होता, तो आता तुमचाच.

ट्रक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विमान पुन्हा तयार झालं. शेठ सकाळीच हजर. "आता तरी एका फेरीत उरका! उशीर आधीच झालाय. पेट्रोल थोडं कमी भरा, औषध जास्त घ्या."

कॅप्टनने लवूकडे बोट दाखवलं. "त्याला विचारा."

लवू पुढे झाला. समोर शेठ, म्हणजे त्याची नोकरी, त्याची मुंबई, सगळंच. त्याने आईकडे बघितलं नाही. "दोन फेऱ्या, शेठ," तो म्हणाला. "पावण्याचं धरूनच टाकी भरलेली हाय."

पहिली फेरी झाली. वाडीच्या वरच्या अंगाची कलमं न्हाऊन निघाली. विमान उतरलं, औषध भरलं, लवूने टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणली, कॅप्टनने काठी बुडवून पाहिली आणि ते उडालं. खालच्या अंगाची कलमं निम्मी झाली असतील, एवढ्यात खाडीकडून धुकं चढलं. अशा दिवसांत चढतं कधीकधी, पण ह्या वेळी ते सड्यावर असं आलं की दूध उतू जावं. आधी धावपट्टीचं टोक गेलं, मग कोठार गेलं, मग शेजारी उभा असलेला माणूस दिसेना. राहिला तो फक्त वर कुठेतरी विमानाचा आवाज.

आवाज आला, डोक्यावरून गेला, लांब गेला, पुन्हा आला.

"उतरत का नाय?" शेठ कुजबुजले.

"कसा उतरेल, शेठ? पट्टी दिसायला पायजे," लवू म्हणाला. "दुसरीकडं जायचं तर घाटापलीकडं. त्यो थांबतोय वर. धुकं जायची वाट बगतोय."

वाडीतली माणसं कातळावर बसून राहिली. कुणीतरी देवीला गाऱ्हाणं घातलं. आवडाबाईने धुक्यातच लवूचा हात शोधला.

"लवू, पुरंल ना रं?"

"पुरंल, आये. मी भरलंय. थेंबन् थेंब चांगलं हाय, आणि पावण्याचं हाय."

आवाज आला, गेला, आला. जणू कुणी परका माणूस अंधारात घर शोधत अंगणाभोवती फिरतो आहे. आवडाबाई मनातल्या मनात बडबडत होती, थांब बाबा, थांब, दार उघडतंय, भात हाय ठेवलेला. तिलाही मनातून कधीकधी वाटायचं की पाहुण्याचा तो वाटा उगाचच जातो, लवू म्हणतो तेही खोटं नाही. आज त्याच वाट्यावर एक माणूस आभाळात टिकून होता.

मग डोंगराआडून सूर्य वर आला. धुक्याचा रंग बदलला, पिवळट झाला, विरळ झाला. आधी कोठार दिसलं, मग दोरीवरचे उपडे कॅन, मग धावपट्टीचा एक पट्टा, ओला, चकाकणारा. विमान खाली आलं ते इतक्या हळुवारपणे की आवडाबाईला गाय गोठ्यात येते तसं वाटलं.

कॅप्टन उतरला. मग त्याने काठी घेतली, टाकीत बुडवली आणि वर काढून सगळ्यांना दाखवली. तिचं टोक जेमतेम ओलं होतं.

"आवडाबाई," तो म्हणाला, "पाहुणा येऊन गेला."

"पोटभर जेवला ना?" तिचे डोळे भरून वाहत होते आणि तिला त्याची लाज नव्हती.

"पातेलं खरवडून जेवला."

गुणाजीशेठनी ती काठी हातात घेऊन टोक पाहिलं. मग त्यांनी कमरेच्या जुडग्यातून कोठाराची किल्ली सोडवली, लवूच्या हातात कोंबली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "पावसाळ्यात पत्र्याखाली पाणी येतं. पिंपं उंचावर ठेव." एवढं बोलून ते तरातरा आपल्या जीपकडे गेले. पावसाळ्यात म्हणजे मोसम संपल्यावरही, हे आवडाबाईला शेठ दोन पावलं गेल्यावर कळलं. कळलं तशी ती मटकन कातळावरच बसली. धोंडूबाई पुढे झाली, तिने तिला हाताला धरून उठवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चल बाय, चाय टाक. दूध माज्याकडनं घे."

राहिलेल्या कलमांवर दुसऱ्या सकाळी औषध पडलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान जायला निघालं. लवूने खडूने लिहिलेलं पिंप फोडलं, कागदावर थेंब टाकला, तो कोरा उडालेला कॅप्टनला दाखवला आणि टाकी भरली. आवडाबाईने वाटेसाठी घावणे आणि खोबऱ्याची चटणी दिली, आणि कॅप्टनने आदल्या दिवशीचा डबा तिच्या हातात ठेवला. तो हलका लागला. तिने झाकण काढलं. आत काही नव्हतं. गोळी नाही, दगड नाही, काहीच नाही.

तिचा चेहरा पडला. "कप्तान? जाताना रिकामा?"

"मुद्दाम," कॅप्टन म्हणाला. तो विमानात चढून बसला होता, कानटोपी घालत होता. "भरून दिला असता तर आपलं फिटलं असतं. रिकामा दिलाय म्हणजे माझ्याकडे राहिलं. पुढच्या मोहोराला द्यायला यावंच लागेल मला."

आवडाबाईने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. विमान धावलं, उठलं, वाडीच्या कलमांवरून एक वळसा घेऊन घाटाकडे गेलं. खाली पानापानातून मोहोराच्या काड्यांवर मोहरीएवढी हिरवी कणी धरायला लागली होती.

घरी येऊन तिने तो डबा फळीवर ठेवला. बाकीची भांडी उपडी होती. हा तिने सुलटा ठेवला, आणि तिघांचे तांदूळ धुवायला घेतले.